कज्जाचे मेज आणि घराचा उंबरठा : चिनी गुन्हेकथनातील खासगी जीवनाचा प्रश्न

१

गुन्ह्यांच्या तपासावर आधारलेल्या चिनी मालिकांविषयी जी चर्चा होते तिच्यात 'समतोल' हा शब्द वारंवार येतो. तपास किती, प्रणय किती आणि तपास करणाऱ्यांचे घरगुती जीवन किती, यांचे प्रमाण जमले की मालिका साधली. प्रणय वाढला की तपास पातळ होतो, तपास वाढला की पात्रे कोरडी पडतात, असा या चर्चेचा एकंदर सूर असतो. तपास ही एक वस्तू, जीवन ही दुसरी, आणि लेखकाच्या हाती तराजू, असे एक गृहीत या भूमिकेच्या मुळाशी आहे. चिनी गुन्हेकथनाचा इतिहास तपासू गेल्यास हे गृहीत टिकत नाही. या कथनप्रकारातील कज्जे जवळजवळ नेहमीच घरातून उद्भवलेले आहेत. विवाह, वारसा, व्यभिचार, अपत्याची मालकी, सासू-सुनेचे नाते हीच त्यांची सामग्री आहे. तेव्हा प्रश्न प्रमाणाचा राहत नाही, तो अधिकाराचा होतो. कथनात खासगी जीवन असण्याचा अधिकार कोणाला दिला जातो? आरोपीला, बळी गेलेल्याला, की न्याय देणाऱ्याला? या एका प्रश्नाच्या उत्तरात वेळोवेळी जे बदल झाले त्यांतूनच या प्रकाराच्या इतिहासाचे टप्पे आकाराला आले आहेत.

'गोंगआन' ही जुनी चिनी संज्ञा येथे उद्बोधक ठरते. न्यायाधिकाऱ्याचे मेज हा तिचा मूळ अर्थ. त्या मेजावर येणारे प्रकरण हा पुढचा अर्थ आणि अशा प्रकरणांची कथा हा त्याही पुढचा. मेजाच्या एका बाजूला राज्यसत्तेचा प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला गुडघे टेकून बसलेली माणसे. घर, शेज, स्वयंपाक, मूल हे सर्व मेजाच्या अलीकडचे. पलीकडे केवळ पद. आधुनिक मालिकांत ज्याला समतोलाचा पेच म्हणतात तो या मेजाच्या रचनेतच पहिल्यापासून आहे.

२

या रचनेचा आदर्श म्हणजे बाओ झेंग. उत्तर सोंग राजवटीतील हा अधिकारी (९९९–१०६२) खायफंग या राजधानीचा काही काळ प्रशासक होता. इतिहासातील बाओ झेंग आणि रंगभूमीवरील काळ्या चेहऱ्याचा न्यायाधीश बाओ यांच्यात मोठे अंतर आहे. युआन काळातील नाटकांपासून एकोणिसाव्या शतकातील कथाकारांच्या रचनांपर्यंत त्याच्याभोवती कथांचे एक विश्व उभे राहिले. या विश्वात इतरांची घरे उघडी पडतात, बाओचे घर मात्र फारसे दिसत नाही. 'लोखंडी चेहरा' ही त्याची उपाधी भावशून्यतेची नव्हे, निःपक्षपातीपणाची खूण आहे. तथापि रंगभूमीने हा निःपक्षपातीपणा चेहऱ्यावरच रंगवला आणि त्या चेहऱ्यामागे माणूस असण्याची शक्यता जवळजवळ मिटवून टाकली.

ली शिंगदाओच्या 'हुइ लान जी' या नाटकात ही रचना स्वच्छ दिसते. झांग हायतांग ही श्रीमंत घरातील दुय्यम पत्नी. थोरली पत्नी आपल्या प्रियकराच्या साहाय्याने नवऱ्याला विष देते, आळ हायतांगवर घालते आणि तिच्या मुलावरही हक्क सांगते. बाओ चुन्याचे वर्तुळ आखतो, मुलाला मध्ये उभे करतो आणि दोघींना त्याला ओढण्यास सांगतो. मुलाला इजा होईल म्हणून जिचा हात सुटतो तीच खरी आई. येथे मातृत्व ही सर्वांत खासगी गोष्ट सार्वजनिक पुराव्यात रूपांतरित होते. ज्याने हे रूपांतर घडवले त्याच्या स्वतःच्या वात्सल्याविषयी नाटक काही बोलत नाही. हे नाटक १८३२ मध्ये स्तानिस्लास झ्युल्याँ याने फ्रेंचमध्ये आणले, १९२५ मध्ये क्लाबुंडने त्याचे जर्मन रूपांतर केले आणि त्या वाटेने ते ब्रेख्तपर्यंत पोचले. ब्रेख्तच्या कॉकेशियन वर्तुळावरून चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' लिहिले व विजया मेहता यांनी ते रंगमंचावर आणले. चुन्याचे हे वर्तुळ मराठी प्रेक्षकाला म्हणून अपरिचित नाही. मात्र मूळ चिनी नाटकात मूल जन्मदात्रीला मिळते, तर ब्रेख्तकडे ते सांभाळणारीला मिळते. शिवाय ब्रेख्तचा न्यायाधीश स्वतः लबाड, लोभी, रंगेल असा देहधारी माणूस आहे. मेजामागे माणूस बसवला की निकालाचा अर्थही बदलतो, हे या दोन वर्तुळांच्या तुलनेतून दिसते.

बाओच्या घराचा उंबरठा ज्या थोड्या ठिकाणी ओलांडला जातो तेथे घर हे कसोटी म्हणूनच येते. पेकिंग ऑपेरातील 'छीसांग झन' या नाट्यात बाओ आपला पुतण्या बाओ म्येन याला लाचखोरीबद्दल मृत्युदंड देतो. ज्या वहिनीने बाओला लहानपणी वाढवले, तिचाच हा मुलगा. ती येऊन दिराला जाब विचारते. नाट्याचा सारा भाग या जाबात व त्याला दिलेल्या उत्तरात आहे. वहिनीचे दुःख मान्य होते, पण निर्णयावर त्याचा परिणाम होत नाही. खासगी जीवन येथे जिंकावयाची वस्तू आहे. ते अस्तित्वात आहे एवढे दाखवावयाचे आणि लगेच ते ओलांडले गेले हेही दाखवावयाचे.

३

या परंपरेच्या प्रारंभकाळातच एक नाटक असे आहे की ज्याने हा नियम मोडला. गुआन हानछिंगच्या 'दोउ अ युआन', म्हणजे दोउ अ हिच्यावरील अन्याय, या तेराव्या शतकातील नाटकात दोउ त्येनचांग हा गरीब विद्वान सावकारिणीचे कर्ज फेडू शकत नाही. सात वर्षांची मुलगी तो तिच्या घरी भावी सून म्हणून देतो आणि राजधानीत परीक्षेला निघून जातो. मुलगी वाढते, तिचे लग्न होते, ती विधवा होते. एक गुंड तिच्याशी बळजबरीने लग्न करू पाहतो. त्याने सासूसाठी विष कालवलेले सूप त्याचाच बाप पितो व मरतो आणि आळ दोउ अवर येतो. सासूला फटके बसू नयेत म्हणून ती न केलेला गुन्हा कबूल करते आणि वधस्तंभावर जाते. तिचे रक्त पांढऱ्या रेशमावर उडते, भर उन्हाळ्यात हिमवर्षाव होतो, तीन वर्षे अवर्षण पडते.

नाटकाचा खरा पेच शेवटच्या अंकात आहे. दोउ त्येनचांग आता तपासणी अधिकारी होऊन त्याच प्रांतात येतो. रात्री दिव्याच्या उजेडात तो दप्तर चाळू लागतो. पहिलेच प्रकरण दोउ अ नावाच्या स्त्रीचे. सासरी तिचे नाव बदललेले असल्याने त्याला ओळख पटत नाही. प्रकरण निकालात निघालेले म्हणून तो ते तळाशी ठेवतो. दिवा मंद होतो, तो वात सारतो आणि पाहतो तो तेच कागद पुन्हा वर आलेले. असे वारंवार घडते. मुलीचे भूत कागद उलटत असते. अखेर ती समोर येते तेव्हा बापाची पहिली प्रतिक्रिया प्रेमाची नसते. घराण्याला काळिमा लावलास, असे म्हणून तो तिला दटावतो. मुलीची कहाणी ऐकल्यावरच तो रडतो.

कज्जाचे मेज आणि घराचा उंबरठा यांतील अंतर या प्रसंगात नाहीसे होते. अधिकाऱ्यासमोरचे प्रकरण हेच त्याचे खासगी जीवन आहे. इतकेच नव्हे, तर अन्यायाचे पहिले कारण तो स्वतः आहे: त्याने मुलगी कर्जाच्या बदल्यात दिली आणि त्या बदल्यात मिळालेल्या सवडीतूनच तो अधिकारी झाला. नाटक हा आरोप उघड उच्चारत नाही. पण तळाशी ठेवलेले कागद पुन्हा पुन्हा वर येण्याची रंगयोजना तो आरोप उच्चारते. आज सामान्यतः वाचली जाते ती संहिता झांग माओश्युन याने सतराव्या शतकाच्या आरंभी संपादित केलेल्या संग्रहातील आहे आणि तिच्यावर संपादकाचा हात फिरलेला आहे, हे ध्यानात ठेवूनही असे म्हणता येते की, न्यायदात्याचे खासगी जीवन हाच कज्जाचा गाभा असू शकतो ही शक्यता या परंपरेने फार लवकर ओळखली होती. ती पुढे दीर्घकाळ मागे पडली. बाओचा लोखंडी चेहरा अधिक सोयीचा ठरला.

४

विसाव्या शतकात पाश्चात्त्य गुप्तहेरकथा चीनमध्ये आली. शेरलॉक होम्सच्या कथांची भाषांतरे १८९६ पासून प्रसिद्ध होऊ लागली. छंग श्याओछिंग (१८९३–१९७६) याने शांघायमध्ये हुओ सांग हा गुप्तहेर आणि बाओ लांग हा त्याचा मित्र-निवेदक निर्माण केला. हुओ सांग अविवाहित आहे. त्याच्या जवळ मेज नाही, पद नाही, राज्यसत्तेचे पाठबळ नाही. आहे ते शास्त्रीय बुद्धीचे. तरीही एका बाबतीत तो बाओ झेंगचा वारस ठरतो, कारण प्रेम इतरांनी करावयाचे आणि त्याने ते उलगडावयाचे. येथे प्रकाशनव्यवहाराचा संदर्भ महत्त्वाचा आहे. छंगच्या कथा ज्या लोकप्रिय नियतकालिकांच्या जगात वावरल्या, ते 'मँडरिन बदके व फुलपाखरे' या नावाने हिणवल्या गेलेल्या प्रणयकथांचेही जग होते. एकाच वाचकाला एकाच अंकात विरहकथा आणि तपासकथा मिळत असे. समतोल साधला जात होता, पण तो कथेत नव्हे, अनुक्रमणिकेत.

१९४९ नंतर खासगी गुप्तहेराला जागा उरली नाही. गुन्हा हा शत्रूच्या कारवाईत विलीन झाला आणि प्रणयाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. १९५६ मध्ये गाजलेल्या 'पंधरा माळा नाणी' या खुनछ्यू नाट्याच्या सुधारित प्रयोगात या संशयाचाच उलट उपयोग केलेला दिसतो. मुळात हे छिंग काळातील झू सूछन याचे नाटक. घरातून पळालेली सू श्युज्वान आणि वाटेत भेटलेला श्योंग यौलान हे दोघे परस्परांना अनोळखी. पण दोघे तरुण, एकत्र चालत होते आणि त्याच्याजवळ नेमकी पंधरा माळा नाणी होती, एवढ्यावरून न्यायाधिकारी ठरवतो की हे प्रेमी आहेत आणि यांनीच तिच्या सावत्र बापाचा खून केला. या कथेत प्रणय कोठेच नाही. तो केवळ न्यायाधिकाऱ्याच्या डोक्यात आहे, आणि त्या कल्पित प्रणयावर दोघांना मृत्युदंड होतो. नंतरचा अधिकारी खुआंग झोंग घटनास्थळी जाऊन, चौकशी करून खरा खुनी शोधतो. 'पीपल्स डेली'ने या नाट्यावर संपादकीय लिहिले व एका नाटकाने एक नाट्यप्रकार वाचवला असा त्याचा गौरव झाला. दप्तरशाहीवरील टीका म्हणून ते वाचले गेले. त्यातील अधिक खोल सूत्र असे की, इतरांच्या खासगी जीवनाविषयी सत्तेने केलेली कल्पना हाच अन्यायाचा उगम असू शकतो.

१९६३ च्या 'हिमशिखरावरील पाहुणे' या चित्रपटात प्रेम आणखी एका कामाला लागते. पामीरच्या सीमेवरील आमीर या सैनिकाची बालमैत्रीण म्हणून एक तरुणी येते. ती हेर आहे. खरी गुलानदानमू वेगळीच. नायक-अधिकारी बालपणीचे गाणे म्हणावयास लावून खरी प्रेयसी कोणती ते ठरवतो. खोटी स्त्री त्या गाण्याला प्रतिसाद देत नाही, खरी देते. चुन्याच्या वर्तुळातील मातृत्वाप्रमाणे येथे प्रेम हा ओळख पटवण्याचा पुरावा ठरतो. प्रेमाला कथनात प्रवेश मिळतो तो सीमारक्षणाच्या कामी आल्यामुळे.

५

दूरदर्शन-मालिकांच्या काळात हे चित्र बदलले ते मुख्यतः हायान या लेखकामुळे. १९५४ मध्ये जन्मलेल्या हायानने पोलीस दलात काम केले होते. पुढे तो हॉटेल व्यवसायात गेला. त्याच्या १९८५ च्या कादंबरीवरील 'साध्या वेशातील पोलीस' ही मालिका १९८७ मध्ये दाखवली गेली. तिचा नायक झोउ झमिंग १९७६ मध्ये चौ एन्-लाय यांच्या मृत्यूनंतर शोक व्यक्त करणाऱ्या नागरिकांविरुद्धचा पुरावा नष्ट करतो आणि तुरुंगात जातो. पोलीसच आरोपी होतो, मेजाच्या अलीकडे येऊन बसतो. त्याच्या प्रेमाची वाताहत आणि त्याची निष्ठा या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. सांस्कृतिक क्रांतीच्या अनुभवानंतर लोखंडी चेहऱ्यावर विश्वास ठेवणे कठीण झाले होते. न्याय देणाऱ्याला आता विश्वासार्ह होण्यासाठी आतले जीवन दाखवावे लागले.

हायानच्या पुढील कथांत हे सूत्र अधिक कठोर होत गेले. झाओ बाओगांग दिग्दर्शित 'योंग बू मिंगमू' (२०००) या मालिकेत ओउ छिंगछुन या पोलीस स्त्रीचा नियोजित वर मादक द्रव्यांच्या तपासात मारला जातो. त्याचे नेत्रपटल श्याओ थोंग या विद्यार्थ्याला बसवले जाते. श्याओ थोंग छिंगछुनच्या प्रेमात पडतो आणि तिच्यासाठी पोलिसांचा खबऱ्या होऊन तस्कराच्या मुलीच्या जवळ जातो. ती मुलगी त्याच्यावर प्रेम करते आणि त्याला व्यसनात ओढते. अखेर तो मरतो. येथे तपास आणि प्रणय यांना वेगळे करून तोलणे अशक्य आहे, कारण प्रणय हेच तपासाचे साधन आहे आणि साधन झालेला माणूसच त्याची किंमत आहे. राज्याच्या वतीने पाहणाऱ्या मृताचे डोळे प्रेमिकाच्या देहात बसवलेले असतात, ही योजना भडक वाटेल; पण या प्रकाराच्या इतिहासाच्या संदर्भात ती फार नेमकी आहे. 'यू ग्वानयिन' (२००३) मध्ये मादक द्रव्यविरोधी पथकातील आन शिन हिचा ज्याच्याशी गुप्त संबंध येतो तो माओ ज्ये तस्कर कुटुंबातील निघतो, आणि तिचे मूलही त्याचेच असते. पुढे तिच्या घरातील माणसे आणि ते मूल सुडाला बळी पडतात. बाओने पुतण्याला दंड दिला तेव्हा दुःख वहिनीच्या वाट्याला आले होते. आता ते तपास करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला येते. हायानच्या कथांवर अतिभावुकतेचा आक्षेप घेता येतो आणि तो काही अंशी खराही आहे. तथापि खासगी जीवनाचा अधिकार मेजामागच्या व्यक्तीला देण्याचे काम या भावुकतेनेच केले, हे नाकारता येत नाही.

एप्रिल २००४ मध्ये राज्याच्या रेडिओ, चित्रपट व दूरदर्शन प्रशासनाने अशा मालिका रात्री ११ पूर्वी न दाखवण्याचा आदेश दिला. या आदेशाने रूढ केलेली संज्ञा अर्थपूर्ण आहे. 'शआनज्यू' म्हणजे 'कज्जाशी संबंध असलेले नाट्य'. कथेत प्रणय असो, कुटुंब असो, कज्जाचा स्पर्श झाला की ती या वर्गात पडे. समीक्षक ज्याला समतोल म्हणत होते त्याला प्रशासनाने वर्गीकरणाचे रूप दिले. या आदेशानंतर अनेक निर्माते हेरकथांकडे वळले आणि तेथे खासगी जीवनाचा प्रश्न निराळ्या मार्गाने परतला. २००९ च्या 'छ्येनफू' या मालिकेत यू झछंग आणि छुइफिंग यांचा विवाह हा गुप्त कार्यासाठी केलेला बनाव आहे. तो हळूहळू खरा होतो. खरा झाल्यावर दोघांची ताटातूट होते आणि नायकाला पुन्हा एका बनावट विवाहाची आज्ञा मिळते. राज्याने नेमून दिलेला संसार, त्यातून उगवलेला खरा संसार आणि पुन्हा नेमून दिलेला संसार या तीन पायऱ्यांत विनोदाच्या आवरणाखाली जे सांगितले गेले ते हायानच्या अश्रूंपेक्षा कमी दाहक नाही.

६

२०१४ नंतर इंटरनेटवरील मालिकांनी नवा अवकाश निर्माण केला. 'बाइ ये झुइश्योंग' (२०१७) या ३२ भागांच्या मालिकेत प्रणय जवळजवळ नाही. परंतु जुळ्या भावांपैकी एक पोलीस आणि दुसरा फरारी आरोपी, आणि दोघे मिळून एकच ओळख वापरतात. घर आणि कज्जा एकाच चेहऱ्यात राहतात. 'यिनमी द ज्याओलुओ' (२०२०) मध्ये गुन्ह्याची सुरुवात जावयाने सासू-सासऱ्यांना डोंगरकड्यावरून ढकलण्याने होते, आणि साक्षीदार मुलगा घटस्फोटित आई-वडिलांच्या मध्ये अडकलेला आहे. अशा मालिकांत प्रणय कमी आहे म्हणून त्यांना 'शुद्ध तपासकथा' म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती फसवी आहे. प्रणय वगळला गेला, कुटुंब मात्र कज्जाच्या केंद्रस्थानी परत आले.

या प्रवासाची सर्वांत परिणत अवस्था शिन श्वांग दिग्दर्शित 'मानछांग द जीज्ये' (२०२३) या १२ भागांच्या मालिकेत आढळते. ईशान्य चीनमधील ह्वालिन या कल्पित पोलाद-नगरीत, १९९७-९८ आणि २०१६ अशा काळांत ती फिरते. वांग श्यांग हा पूर्वी कारखान्याच्या आगगाडीचा चालक, आता टॅक्सी चालवतो. त्याचा मुलगा वांग यांग कारखान्यातील कामगारकपातीच्या त्या वर्षांत मरण पावला. मा दशंग हा पूर्वीचा पोलीस अधिकारी, आता म्हाताऱ्यांच्या लॅटिन नृत्याच्या वर्गात रमलेला. तपास करणाऱ्यांपैकी कोणाहीजवळ आता मेज नाही. कज्जा राज्याच्या दप्तरातून निघून गेला आहे, माणसांच्या जवळ उरला आहे. तपास म्हणजे म्हातारपणी जगण्याचे कारण आणि जगणे म्हणजे न सुटलेला तपास. या मालिकेत तपासाचा भाग किती व जीवनाचा किती, असे विचारले तर उत्तर देता येणार नाही.

येथे तेराव्या शतकातील तो बाप आठवल्याखेरीज राहत नाही. दोउ त्येनचांगने मुलगी दिली, तो पद मिळवून परतला आणि दिव्याखाली तिचेच कागद तळाशी सारत राहिला. वांग श्यांगला कोणतेही पद मिळाले नाही. ज्या कारखान्यावर त्याने आयुष्य टाकले तो बंद पडला आणि मुलगा कसा मेला याचे उत्तर त्याने स्वतःच शोधावयाचे ठरले. पहिल्या बापाला न्याय देण्याची सत्ता होती आणि मुलीचे नावही ओळखता आले नाही. दुसऱ्याला सत्ता नाही, पण त्याने एकही कागद तळाशी ठेवला नाही. या दोघांच्या मधल्या शतकांत चिनी गुन्हेकथनाने न्यायदात्याला घरातून बाहेर काढले, मेजामागे बसवले, त्याचा चेहरा लोखंडी केला आणि मग फार मोठी किंमत घेऊन त्याला पुन्हा उंबरठ्याशी आणून सोडले. समतोलाची भाषा हा इतिहास झाकते. तराजूच्या दोन पारड्यांत जे ठेवले जाते ते या परंपरेच्या पहिल्या मोठ्या नाटकातच एक होते: तळाशी ठेवलेले एक प्रकरण, आणि ते पुन्हा वर आणून ठेवणारा एक हात.